हौदा सागाचा, ब्रेक आजचे

गेल्या हिवाळ्यात नाशिकमध्ये जुन्या गाड्यांचं एक छोटेखानी प्रदर्शन भरलं होतं. रांगेच्या अगदी टोकाला निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची 1951 ची शेवरोले पिकअप उभी होती. गोलसर बॉनेट, आडव्या पट्ट्यांची जाळी, मधोमध दुभागलेली पुढची काच आणि मागे माल ठेवायचा सागवानी फळ्यांचा हौदा. लोक तिच्याभोवतीच जास्त रेंगाळत होते. मग कुणीतरी बॉनेट उघडायला सांगितलं. आतला ब्रेकच्या तेलाला दाब देणारा नवा मास्टर सिलिंडर, बारा व्होल्टची बॅटरी आणि वीज बनवणारा अल्टरनेटर दिसला, आणि एक जाणकार गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "छे, ही तर बाटवली!" त्यावर गाडीवाल्याच्या बाजूच्या एकाने सुनावलं, "पैसे त्यांचे, गाडी त्यांची, तुमचं काय जातं?" पुढचा अर्धा तास हीच दोन वाक्यं आळीपाळीने फेकली गेली. नंतर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, गॅरेजच्या बाकड्यावर मी हाच वाद पुन्हा पुन्हा ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी तो याच दोन वाक्यांपाशी अडकतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राबण्यासाठी जन्मलेली गाडी रस्त्यावर धावती ठेवायची असेल, तर तिच्यात आजचे ब्रेक, आजचे दिवे, आजचे पट्टे आणि बसण्याजोगी सीट घालणं हा तिचा अपमान नव्हे. तिला वाचवण्याचा तोच खरा मार्ग आहे. मात्र गाडी माझी म्हणून मी वाटेल ते करीन, हेही मला मान्य नाही. गाडी मूळ राहिली की नाही, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. जे केलं ते उद्या कुणाला उलटवता येईल का, हे विचारायला हवं.

आधी या पिकअपमध्ये काय केलं आणि का केलं ते नीट पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती चालवून पाहिली होती. मी काम होण्याआधीही चालवली आहे आणि नंतरही. आधीची आठवण पिंपळगाव ते नाशिक एवढ्या रस्त्याची, संध्याकाळची. गाडी चालू करायला किल्लीबरोबर पायाने स्टार्टरचं पेडल दाबावं लागतं. तो प्रकार मला फार आवडला. त्यानंतरचं फारसं काही आवडलं नाही. स्टेअरिंग उभ्या गाडीत फिरवायला दोन्ही खांदे लावावे लागत. सहा व्होल्टच्या विजेवर हेडलाइट असे पेटत, की समोरून ट्रक आला की आपला उजेड आहे की विझला हेच कळेना. पेट्रोलची टाकी कुठे, तर केबिनमध्ये, सीटच्या पाठीला लागून. उन्हात दहा मिनिटं उभी राहिली की आत पेट्रोलचा वास कोंडायचा, आणि पाठीशी काही लिटर पेट्रोल घेऊन आपण महामार्गावर चाललो आहोत हा विचार डोक्यातून जायचा नाही. सगळ्यात वाईट ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि चौघांना मिळून पायाखालचा एकच मास्टर सिलिंडर. म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस नव्या मोटारींना दोन स्वतंत्र भागांचा ब्रेक सक्तीचा झाला, तो याच कारणाने. ज्या देशात ही गाडी जन्मली, त्या देशानेच ही रचना धोक्याची ठरवली. मग कसारा घाटाच्या उतारावर आपण तिला पावित्र्य म्हणून का जपायचं?

गाडीमालकांना सगळे नाना म्हणतात. नानांनी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घातले, ब्रेकच्या नळ्यांचे दोन भाग केले, टाकी केबिनमधून काढून हौद्याखाली नेली, वायरिंग बारा व्होल्टचं केलं, सीटला कमरेचे आणि खांद्याचे पट्टे लावले. स्टेअरिंगच्या दांड्याला एका छोट्या मोटारीतली विजेवर चालणारी मदत जोडली. डॅशबोर्डखाली, बाहेरून दिसणार नाही असा, छोटा एसी बसवला. इंजिन मात्र तेच ठेवलं: सहा सिलिंडरचं, साधारण साडेतीन लिटरचं, नव्वदच्या आसपास अश्वशक्तीचं. त्याची व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूची, बेअरिंगं पुन्हा ओतून घेतली. हे इंजिन फार वेळ जोरात फिरवलेलं त्याला सोसत नाही, आणि मागच्या एक्सलचं 4.11 चं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला मागे जाणाऱ्या दांड्याचे 4.11 फेरे) असं की ताशी 70 लाच ते कण्हायला लागतं. इथे मिस्त्रींनी जे केलं ते मला सगळ्या कामात सुंदर वाटलं. त्याच काळात शेवरोलेच्या ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारी होत्या, त्यांच्या एक्सलमध्ये 3.55 चा क्राउन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, असे, आणि तो या पिकअपच्या एक्सलमध्ये बसतो. तो मिळवून बसवला. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे 14 टक्क्यांनी कमी झाले. गाडी तीच, इंजिन तेच, सुटा भागही त्याच कंपनीचा आणि त्याच काळातला. याला बाटवणं म्हणायचं?

आता विरोधकांची बाजू. ती कमकुवत नाही. त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा असा: हात न लागलेली गाडी हा कागदपत्रासारखा पुरावा असतो. तिच्या बोल्टच्या डोक्यावरची खूण, वायरवरचं सुती वेष्टण, रंगाखालचा रंग यातून त्या काळचा कारखाना वाचता येतो. एकदा वायरिंग बदललं की ते पान फाटलं. शंभर गाड्यांतली प्रत्येक जण आपापली चार पानं फाडत गेली तर शेवटी पुस्तक उरतच नाही. हे अगदी खरं आहे. म्हणून जिला आजवर कुणी हात लावलेला नाही, जिचा पत्रा, रंग, सीटचं कापड पहिलं आहे, अशी गाडी सापडली तर तिला कुणीही हात लावू नये. तिची जागा संग्रहालयात आहे, आणि ती तिथे जाण्यासाठी मी स्वतः वर्गणी काढीन. पण अशा गाड्या आपल्याकडे किती? आणि ही पिकअप त्यांतली होती का?

इथे 'मूळ' या शब्दाकडे जरा खोलात पाहायला हवं. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 1954 च्या सुमारास ते काम थांबवलं. त्या काळात आपल्याकडे येणाऱ्या मालवाहू गाड्या बहुधा अर्ध्या अंगानेच येत. कंपनी देई ती चासी म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन, फार तर केबिन. मागचं अंग इथले सुतार आणि लोहार घडवत. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली, तिचीही बॉडी लाकडी होती आणि सीटांमध्ये काथ्या भरलेला होता. नानांच्या पिकअपचा सागवानी हौदा अमेरिकेत कुणी पाहिलेला नाही. तो नाशिकच्या सुताराने बांधला, द्राक्षांच्या पाट्या एकावर एक बसाव्यात म्हणून आतून खाचा ठेवून. फाळक्याची बिजागरी शेतातल्या लोहाराची. पुढे पेट्रोल महागलं, तेव्हा नानांच्या वडिलांनी तिच्यात काही वर्षं डिझेल इंजिन बसवलं होतं. जुनं इंजिन गोठ्यात झाकून ठेवलं, म्हणून आज ते पुन्हा जागेवर आलं. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर कितीतरी अमेरिकन गाड्यांच्या पोटात असंच डिझेल इंजिन गेलं. आपल्या शहरात ज्यांचा मोठा कारखाना आहे त्या महिंद्रांच्या जीपचंच पाहा: विलीजचं पेट्रोल इंजिन घेऊन सुरू झालेली ती गाडी पुढे वेगवेगळ्या डिझेल इंजिनांवर धावली, त्यांत प्यूजोच्या परवान्याचं इंजिनही होतं, आणि ते बदल खुद्द कारखान्याने केले. मग यातली मूळ जीप कोणती?

त्या जाणकार गृहस्थांचा सल्ला असा होता की अमेरिकेतून पत्र्याचा हौदा मागवावा, तो तिथे आजही नवा बनवून मिळतो, आणि गाडी कंपनीच्या चित्राबरहुकूम करावी. हे मला खरोखर लागलं. पावित्र्याच्या नावाखाली या गाडीवरची नाशिकची सगळी निशाणी पुसून टाकायची आणि परदेशातल्या गेल्या वर्षी बनलेल्या पत्र्याला मूळ म्हणायचं? तो हौदा सत्तर वर्षं या मातीत राबला आहे. फळ्यांच्या खाचांत अजून काळपट डाग आहेत. नाना सांगतात, ते लासलगावच्या कांद्याच्या पोत्यांचे. ज्या नियमाने नवा पत्रा मूळ ठरतो आणि हा साग उपरा ठरतो, त्या नियमातच खोट आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मूळवादी मंडळी बोलतच नाहीत. इंधन. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1951 च्या इंधनपंपाचा रबरी पडदा, जुन्या नळ्या, बुचाची गॅस्केटं या पेट्रोलसाठी केलेल्याच नव्हत्या. इथेनॉल रबर फुगवतं, कडक करतं, पाणी धरून ठेवतं आणि टाकीत गंज आणतं. म्हणजे गाडी शंभर टक्के मूळ ठेवायची तर ती आजच्या पेट्रोलवर चालवताच येणार नाही. आणि चालवायची तर निदान पडदा आणि नळ्या आजच्या हव्यात. एकदा एवढं मान्य केलं की 'काहीच बदलायचं नाही' ही भूमिका उरत नाही. उरतो तो प्रश्न किती आणि कसं याचा.

जुन्या नाशिकमध्ये राहिलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. वाड्यांचंच घ्या. ज्या वाड्यांत कुणी वीज घेतली, मागच्या पडवीत संडास-न्हाणीघर बांधलं, गळक्या कौलांखाली पत्रा घातला, ते वाडे कसेबसे का होईना उभे आहेत, कारण त्यांत माणसं राहतात, पावसाआधी गच्चीवर चढून कुणी पन्हाळी साफ करतं. जे मालक-भाडेकरूंच्या दाव्यात कुलूप लागून पडले, ते अगदी मूळ स्वरूपात राहिले, आणि त्याच मूळ स्वरूपात दर पावसाळ्यात एकेक भिंत सोडत कोसळतात. धोकादायक वाड्यांना दरवर्षी नोटिसा लागतात, त्या यादीत राहत्या घरांपेक्षा विसरलेली घरं बघा. वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली, तीही हेच सांगते की वास्तू उपयोगात असेल तर तिचं जतन सोपं जातं. मात्र त्या उपयोगापायी तिची मांडणी आणि नक्षी बिघडता कामा नये. मला गाड्यांसाठी याहून वेगळं काही मागायचं नाही.

याच्या उलट, बदलाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा एक दाखला मला पटत नाही, तोही सांगायला हवा. लोक म्हणतात, दख्खनची राणी बघा, 1930 पासून धावते, डबे 1966 मध्ये बदलले, 1995 मध्ये बदलले, 2022 मध्ये नव्या एलएचबी बनावटीचे आले, तरी ती दख्खनची राणीच ना? आहे. पण ती गाडी म्हणजे एक वेळापत्रक आहे, एक नाव आहे, रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांची सवय आहे. डबे गेले तरी ते टिकतं. आमच्या पंचवटी एक्सप्रेसलाही नवे डबे आले तेव्हा पासधारकांना वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. पिकअप ही मात्र वस्तू आहे. तिचे सगळे भाग बदलले तर मागे नाव तेवढं राहील. म्हणून तिच्यासाठी मला भांड्यांचा दाखला जवळचा वाटतो. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध. पितळी पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट कालवण शिजवता येत नाही, कळकतं. दरवर्षी कल्हईवाला यायचा, भाता पेटवायचा, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा, आणि आजीचं पातेलं पुन्हा चुलीवर जायचं. कल्हई पातेल्याचा भाग नव्हे. ती झिजते, खरवडता येते, पुन्हा लावता येते. तिच्यामुळे पातेलं पातेलंच राहतं. त्याच पातेल्याला भोक पाडून दिवाणखान्यातला दिवा करणारेही आहेत. दोन्ही बदलच, पण एक परतीचा आणि दुसरा कायमचा.

हीच कसोटी मी दुसऱ्या पक्षालाही लावतो. नाशिकमधल्या अंबडच्या एका गॅरेजमध्ये मी एक जुनी पिकअप पाहिली. चासी कापून रुंद केली होती, नव्या एसयूव्हीचं डिझेल इंजिन मावावं म्हणून इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्र्याचा पडदा फाडला होता, छप्पर चार बोटं खाली उतरवलं होतं. काम सफाईचं होतं. पण ते बघताना माझ्या पोटात कालवलं, कारण त्या गाडीला आता परतीची वाट नव्हती. मूळ इंजिन कुठे आहे विचारलं, तर भंगारात किलोवर गेलं असं उत्तर आलं. गाडी माझी, पैसे माझे, हे अशा वेळी पुरेसं उत्तर नाही. जी वस्तू आपल्या आधी तीन पिढ्या होती आणि आपल्यानंतरही राहू शकते, तिचे आपण काही काळचे राखणदार असतो.

मग घसरणीचा मुद्दा येतो: आज ब्रेक, उद्या इंजिन, परवा छप्पर, एकदा दार उघडलं की थांबणार कुठे? भीती रास्त आहे, अंबडच्या गॅरेजात मी ती खरी झालेली पाहिली. पण म्हणूनच रेघ हवी, आणि ती आखता येते. जे बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं ते चालेल. जे कापावं, वितळवावं, फेकून द्यावं लागतं ते नाही. नानांच्या गाडीत डिस्क ब्रेकसाठी चासीला एकही नवं भोक पाडलेलं नाही, आधीच्या भोकांवर बसतील असे ब्रॅकेट लेथवर करून घेतले. एसीचा पाइप केबिनमध्ये नेला तो जुन्या हीटरच्या भोकातून. इंजिन, चासी, केबिन यांना हात लावायचा नाही हा नियम पहिल्या दिवशी ठरला. या नियमापायी काम सहा महिने लांबलं, खर्च वाढला, मिस्त्री दोनदा वैतागून निघून गेले आणि परत आले.

कसब मरेल, असंही म्हणतात: सगळ्यांनी सोयीचं बसवलं तर कार्बोरेटर कोण लावणार, व्हाइट मेटल कोण ओतणार? माझा अनुभव उलटा आहे. या गाडीची बेअरिंगं ओतणाऱ्या वयस्क कारागिरांना गेल्या काही वर्षांत असं काम आलंच नव्हतं, कारण मूळ म्हणून जपलेल्या गाड्या चालतच नाहीत, मग त्यांची बेअरिंगं झिजणार कधी? कसब टिकतं ते कामावर, आणि काम येतं ते फिरत्या चाकांतून.

कायद्याचा आधार मूळवादी घेतात, तोही पुरता वाचायला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. ते योग्यच आहे. रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव असतो. जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आणली, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क ठेवलं आणि अट घातली की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. म्हणजे नियमानेही रेघ साधारण तिथेच ओढली जिथे मी ओढतो आहे. अडचण पुढे आहे. त्या नोंदणीवर गाडी नियमित रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. नानांनी म्हणून तो क्रमांक घेतलाच नाही. साध्या नोंदणीवर, मुदत आली की पेठ रोडला आरटीओत पासिंगला उभं राहून, ते गाडी चालती ठेवतात. "माझ्या बापानं हिच्यात द्राक्षं नेली," ते म्हणाले, "मी काय हिला हळदकुंकू लावून पाटावर बसवू?" माझी मागणी एवढीच आहे की व्हिंटेज नोंदणीत वर्षाकाठी ठरावीक दिवस मोकळेपणाने चालवायची मुभा असावी, आणि ब्रेक, पट्टे, दिवे यांसारखे सुरक्षेचे, उलटवता येणारे बदल नियमात नावानिशी मान्य करावेत. आज ते बदल निषिद्ध यादीत नाहीत आणि मान्य यादीतही नाहीत. तपासणाऱ्याच्या मर्जीवर आहेत. एका तपासणीत नव्या ब्रेकवर बोट ठेवून नानांना दिवसभर ताटकळवलं गेलं, तेव्हा मी बरोबर होतो. ज्या गोष्टीने गाडी जास्त सुरक्षित झाली तिच्यासाठीच तो माणूस उन्हात उभा होता.

राहिला एसी. सगळ्यात जास्त टोमणे त्याच्यावरच झाले: ब्रेक समजू शकतो, पण थंड हवेची चैन कशाला? त्याचं उत्तर माझ्याकडे काकूंच्या रूपाने आहे. नानांच्या घरच्या. सत्तरीच्या आहेत, दम्याचा त्रास. लग्न होऊन त्या याच पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून घरी आल्या होत्या. पुढे गरम इंजिनाचा पडदा आणि मागे पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये त्यांना पंधरा वर्षं बसता आलं नव्हतं. मार्चमध्ये, द्राक्षांची काढणी संपल्यावर, त्या तिघांमध्ये काचेकडेला बसून त्र्यंबकेश्वरला गेल्या. मी मागच्या मोटारीत होतो. अंजनेरीच्या चढावर पिकअप एकदाही पहिल्या गिअरवर न येता दुसऱ्यावरच चढली, आणि वर पोचल्यावर काकूंनी काच खाली करून हात बाहेर काढला.

काढलेले सगळे भाग नानांच्या गोठ्यात एका लाकडी खोक्यात आहेत. पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रम, सहा व्होल्टचा डायनॅमो, जुना मास्टर सिलिंडर, सुती वेष्टणाच्या वायरींचं भेंडोळं. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला बांधला आहे आणि त्यावर खिळ्याने कोरून लिहिलं आहे: काय, कुठून काढलं, कोणत्या तारखेला, परत बसवायला कोणते बोल्ट. शेजारी शाळेची दोनशेपानी वही, तिच्यात फोटो चिकटवलेले. हे लिहिण्याचं काम नानांच्या नातवाने केलं. तो बारावीत आहे. प्रदर्शनाच्या दिवशी ती वही गाडीच्या सीटवरच ठेवलेली होती. बॉनेट उघडणाऱ्यांपैकी कुणीही ती उघडून पाहिली नाही. पुढच्या वेळी वही बॉनेटवर ठेवायची, असं आता ठरलं आहे.